पहिली कॅनरी आणि मग तिची जोडी: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

एकच चूक परत परत होताना दिसते. "एकटा कसा राहील बिचारा" म्हणून कॅनरीचे नर-मादी एकाच दिवशी घेतले जातात, दोघांना एकाच पिंजऱ्यात सोडलं जातं, वर लगेच घरटंही टांगलं जातं. पंधरा दिवसांनी एक पक्षी पिसं फुगवून तळाशी बसलेला असतो, नाहीतर मादीच्या मानेवरची पिसं उपटलेली असतात, आणि मग प्रश्न येतो की काय चुकलं, दाणे बदलू का, व्हिटॅमिन देऊ का. दाण्यांचा काही संबंध नसतो, क्रम चुकलेला असतो.

कॅनरीला बजी किंवा लव्हबर्डसारखी चोवीस तास सोबत लागत नाही. नर तर आपली जागा राखणारा पक्षी आहे, एकटा मजेत राहतो आणि एकटा असतानाच जास्त गातो. म्हणजे जोडी आणायची ती पिल्लं हवी असतील तर, एकटेपणाची दया येऊन नाही. हे पटलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

१. आधी ठरवा, गाणं हवंय की पिल्लं

नुसतं गाणं हवं असेल तर एक नर पुरे, या लेखातला निम्मा भाग तुम्हाला लागणारच नाही. मादी चिवचिवते, क्वचित थोडंफार गुणगुणते, पण ते लांबलचक, उतरत-चढत जाणारं गाणं नराचंच. दोन नर मात्र एका पिंजऱ्यात कधीच ठेवू नका, सुरुवातीला गप्प बसतील आणि दिवस मोठे व्हायला लागले की एकमेकांना रक्तबंबाळ करतील.

अजून एक. कॅनरी हातावर घेऊन खेळवायचा पक्षी नाही. ती उडायला आणि बघायला असते, सारखं धरलं की घाबरते. आणि नीट ठेवली तर दहा वर्षं सहज जगते, तेवढी वर्षं रोज सकाळी पाणी बदलायला घरात कोणीतरी असणार आहे का ते आत्ताच बघा.

२. पिंजरा पक्ष्याच्या आधी घरी आला पाहिजे

कॅनरी आडवी उडते, हेलिकॉप्टरसारखी वर जात नाही. त्यामुळे उंच आणि गोल पिंजरे दिसायला छान, पक्ष्याला निरुपयोगी. लांबी कमीत कमी ६० सेंटीमीटर, रुंदी-उंची ४० च्या आसपास, आणि याहून मोठा परवडला तर मोठाच घ्या. दोन तारांमधलं अंतर साधारण १ सेंटीमीटर, सव्वा सेंटीमीटरच्या वर नको, डोकं अडकतं. पुढे जोडी लावायचा विचार असेल तर आत्ताच मधे सरकतं पार्टिशन बसणारा डबल पिंजरा घ्या, दोनदा खर्च होत नाही.

बसायच्या दांड्या दोन्ही टोकांना, म्हणजे मधे उडायला जागा राहते. १० ते १५ मिलिमीटर जाडीच्या, सगळ्या एकसारख्या जाड नकोत, साध्या झाडाच्या फांद्या सगळ्यात उत्तम कारण पाय वेगवेगळ्या ठिकाणी टेकतो. सॅंडपेपर गुंडाळलेल्या दांड्या तळवे सोलतात. आणि दांडीच्या बरोबर खाली दाण्यांची वाटी ठेवू नका, शी त्यातच पडते.

जागा निवडताना एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, उंची आपल्या डोळ्यांइतकी, थेट वाऱ्याचा झोत नको. ऊन येत असेल तर अर्ध्या पिंजऱ्यात सावली हवीच.

सावधान: स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी पिंजरा नको. नॉनस्टिक भांडं रिकामं गॅसवर राहून जास्त तापलं की टेफ्लॉनमधून जो वायू निघतो त्याने लहान पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला वाससुद्धा जाणवत नाही. स्प्रे, परफ्यूम, धूर यांचंही तेच, पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार नाजूक असतात. डास येत असतील तर पिंजऱ्याला किंवा खिडकीला जाळी लावा, कॅनरी पॉक्स डासांमधून पसरतो.

३. पक्षी निवडताना घाई नको

आजारी पक्षी आजार लपवतो. तुम्ही पिंजऱ्याजवळ गेलात की तो पिसं आवरून ताठ बसतो आणि तुम्हाला वाटतं किती तरतरीत आहे. म्हणून आधी चार-पाच पावलं लांब उभं राहा, दहा-पंधरा मिनिटं काही न बोलता, पक्षी तुम्हाला विसरला पाहिजे. मग खरं दिसतं.

काय बघायचं: श्वासाबरोबर शेपटी वरखाली होते का (व्हायला नको), चोच उघडी ठेवून श्वास घेतो का, नाकपुड्या कोरड्या आहेत का, शेपटीखालची पिसं स्वच्छ आहेत का, पायांवर पांढरे खरखरीत खवले उठलेत का. शक्य असेल तर विक्रेत्याला पक्षी हातात धरायला सांगा आणि छातीचं मधलं हाड बोटाने चाचपा, दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर तो पक्षी कितीही सुंदर असो, घेऊ नका.

पायात बंद, म्हणजे जोड नसलेली, रिंग असेल तर त्यावर बहुतेक वेळा वर्ष असतं. ही रिंग पिल्लू पहिल्या आठवड्याचं असतानाच पायात जाते, नंतर पाऊल मोठं झालं की जात नाही, त्यामुळे वयाचा तो चांगला पुरावा. "सहा महिन्यांचा आहे" हे नुसतं तोंडी ऐकून विश्वास ठेवू नका.

नर हवाय तर त्याचं गाणं स्वतःच्या कानांनी ऐकून घ्या, त्याच पक्ष्याचा गळा फुगताना दिसला पाहिजे कारण शेजारच्या पिंजऱ्यातला गात असतो आणि आपल्याला वाटतं हाच. पिसं गळायचा काळ चालू असेल तर थांबा, त्या सहा ते आठ आठवड्यांत नर गातच नाही आणि जागा बदलली तर ताण येतो तो वेगळाच.

तपासणी: निघायच्या आधी एक प्रश्न विचाराच, हा पक्षी सध्या नेमकं काय खातो? त्याच दाण्यांची एक पिशवी बरोबर घ्या.

४. पहिले पंधरा दिवस: खाणं, पाणी, झोप

पहिला आठवडा खाणं बदलायचं नाही. मग हळूहळू.

आता जी चूक सगळ्यात जास्त पक्षी मारते ती सांगतो. कॅनरी दाणा सोलते आणि टरफल परत वाटीतच टाकते. दोन दिवसांनी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि आत दाणा एकही नसतो, सगळी टरफलं. माझ्याकडच्या पहिल्या नराच्या वेळी घरातल्या माणसाने "वाटी भरलेली आहे" म्हणून तीच ठेवली होती, मी संध्याकाळी येऊन हलकी फुंकर मारली तर वरचा सगळा थर उडून गेला आणि खाली वाटीचं प्लॅस्टिक दिसलं. नर कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला. वाचला, पण एवढासा १५-२० ग्रॅमचा जीव, त्याला एक दिवसाचा उपाससुद्धा महागात पडतो. रोज सकाळी फुंकर मारा, रोज वाटी रिकामी करून नवीन भरा, एका पक्ष्याला दिवसाला एक ते दीड छोटा चमचा दाणे पुरतात.

मिश्रणात कॅनरी सीड मुख्य, त्याबरोबर रेपसीड, थोडं कारळं, जवस, ओट्स. कारळं आणि हेम्प सीड तेलकट असतात, पक्षी तेवढेच वेचून खातो आणि लठ्ठ होतो. नुसत्या दाण्यांवर ठेवू नका, रोज थोडं हिरवं द्या: ब्रोकोली, काकडी, किसलेलं गाजर, बिया काढलेलं सफरचंद. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेलं अंडं कुस्करून. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम अडकवलेला, मादीला तर तो हवाच. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारवलेलं काहीही द्यायचं नाही, अॅव्होकॅडो तर थेट विषच.

आंघोळीला उथळ भांडं ठेवा, सकाळी, आणि अर्ध्या तासाने काढा. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता. टीव्हीच्या खोलीत रात्री बारापर्यंत दिवा चालू राहिला तर पक्ष्याच्या शरीराला वाटतं दिवस मोठा झालाय, आणि पिसं भलत्याच वेळी गळायला लागतात. वर्षभर सारखी पिसं गळतात अशी तक्रार असते तेव्हा मी पहिल्यांदा दिव्याबद्दलच विचारतो.

नवीन नर पहिले एक-दोन आठवडे गप्प राहिला तर काळजी नको. खातोय, उडतोय, शी घट्ट आहे, एवढं असलं की पुरे.

५. जोडीदार निवडणं

आधीचा पक्षी निदान तीन-चार महिने तुमच्याकडे नीट राहिला, त्याची पिसं गळून परत आली, म्हणजे मग जोडीचं बघा. दोघांचंही वय वर्षाच्या आसपास हवं. कमी वयाची मादी अंडी घालते खरी, पण अंडं अडकायची भीती जास्त.

नर-मादीची खात्री हा मोठा घोटाळा. रंगावरून कळत नाही, एखाद-दोन प्रकार सोडले तर. पिल्लांच्या ऋतूत असताना पोटाखालच्या पिसांवर फुंकर मारून गुदद्वाराची जागा बघतात: नराची पुढे आलेली, छोट्या बोंडासारखी, मादीची पोटाच्या रेषेतच पसरट. ऋतू नसताना हे बघून काही उपयोग नाही आणि अननुभवी हाताने पक्षी दाबला जाऊ शकतो. शंका असेल तर पिसाची डीएनए टेस्ट करून घ्या. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्याही घरटं बांधतात, अंडी घालतात, आणि माणूस दोन-दोन महिने पिल्लांची वाट बघत बसतो.

भावंडं नकोत, एका दुकानातून एकदम घेतलेले बरेचदा भावंडंच निघतात. आणि हे तीन नियम पाठच करा:

डोक्यावर तुरा असलेल्याची जोडी तुरा नसलेल्याशी. दोघांनाही तुरा असेल तर साधारण चौथा हिस्सा गर्भ जगत नाहीत. ग्लॉस्टर या जातीत तुरेवाल्याला कोरोना आणि बिनतुऱ्याच्याला कॉन्सॉर्ट म्हणतात, जोडी कोरोना-कॉन्सॉर्ट अशीच लावायची.

डॉमिनंट व्हाइट (पांढऱ्या कॅनरीचा एक प्रकार) दोघंही नकोत, कारण तेच.

पिसांचे दोन प्रकार असतात, एक अरुंद आणि गडद रंगाचा, त्याला यलो किंवा इंटेन्सिव्ह म्हणतात, दुसरा रुंद आणि कडेला पांढुरका, तो बफ. एक यलो, एक बफ अशी जोडी लावा. पिढ्यान् पिढ्या बफला बफ लावत गेलात तर पिसं इतकी मऊ आणि दाट होतात की कातडीच्या आतच वळतात आणि गाठी येतात.

६. तीस दिवस वेगळ्या खोलीत

सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. नवीन पक्षी कितीही निरोगी दिसला तरी कमीत कमी ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि रोज आधी जुन्या पक्ष्याचं काम करायचं, मग नवीनचं, मग हात धुवायचे. एकाच खोलीत दोन पिंजरे लांब ठेवणं याला वेगळं ठेवणं म्हणत नाहीत, हवा एकच असते.

या महिन्यात दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, श्वासनलिकेतले किडे, एअर सॅक माइट. रात्री खोली पूर्ण शांत झाली की अंधारात पिंजऱ्याला कान लावा. श्वासाबरोबर बारीक टिक-टिक असा किंवा शिट्टीसारखा आवाज आला, दिवसा नराचं गाणं मधेच तुटतंय किंवा बंद पडलंय, तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. औषध असतं आणि लागूही पडतं, पण डोस थेंबात असतो आणि चुकला तर पक्षी जातो, त्यामुळे कोणी फोनवर सांगितला म्हणून घरी प्रयोग करू नका.

दुसरी, लाल माइट. हे दिवसा दांड्यांच्या टोकांत, फटींत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका, सकाळी आतली बाजू नीट बघा, लाल-काळे हलणारे ठिपके दिसले तर पिंजरा उकळत्या पाण्याने धुवायचा, दांड्या फेकायच्या. घरट्यात हे शिरले तर पिल्लं आठवड्याभरात रक्त कमी होऊन मरतात.

७. दोघं तयार आहेत का?

कॅनरीचं कॅलेंडर म्हणजे उजेड. दिवस वाढायला लागले की शरीर बदलतं, आणि १३-१४ तास उजेड मिळाला की पक्षी पिल्लांसाठी तयार होतो. नैसर्गिक उजेड कमी असेल तर टायमर लावून आठवड्याला पंधरा ते तीस मिनिटं वाढवत न्या, एकदम सहा तासांनी वाढवू नका, नर आधी तयार होतो आणि मादी मागे राहते. या काळात उकडलेलं अंडं आठवड्यातून तीन-चारदा, समुद्रफेस भरपूर.

नर तयार झाला की पंख थोडे खाली सोडून, दांडीवर नाचत, जोरात गातो. मादी तयार झाली की कागदाचे कपटे, गळलेलं पीस चोचीत घेऊन इकडेतिकडे फिरते, ट्रेमधला पेपर फाडते, नर गायला लागला की दांडीवर बसकण मारून शेपटी उचलते. मादीची ही लक्षणं दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. नर कितीही उतावळा असो, ठरवणार मादी.

८. पार्टिशन

डबल पिंजऱ्याच्या एका बाजूला नर, दुसरीकडे मादी, मधे जाळीचं पार्टिशन. पहिले दोन-तीन दिवस बंद पार्टिशन ठेवलं तरी चालेल, नुसता आवाज ऐकू देत. घरटं मादीच्या बाजूला. साधारण १० सेंटीमीटर व्यासाचं, वाटीसारखं उघडं. पेटीसारखं बंद घरटं कॅनरी घेत नाही, ते बजीचं.

घरट्यासाठी नारळाचा काथ्या, सुकं गवत, गोणपाटाचे धागे, सगळं ३ ते ५ सेंटीमीटर कापून. लांब दोरा, केस, कापूस अजिबात नको. दोरा पायाला गुंडाळतो, आवळत जातो, आणि लक्षात येतं तेव्हा बोट काळं पडलेलं असतं.

मग बघत बसायचं. ज्या क्षणाची वाट बघतोय तो असा: नर गाणं थांबवतो, वाटीकडे जातो, काहीतरी खातो, परत जाळीशी येतो, मान लांब करून चोच जाळीतून घालतो आणि मादी पिल्लासारखे पंख थरथरवत त्याच्या चोचीतून घास घेते. हे मी कितीही वेळा पाहिलंय तरी हातातलं काम थांबतं. एकदा दिसलं म्हणून पार्टिशन काढू नका, दोन-तीन दिवस सलग दिसू दे, आणि मादी घरट्यात काड्या टाकायला लागू दे.

पार्टिशन सकाळी काढायचं, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. थोडा पाठलाग, थोडी चिवचिव होणारच. पण मादी कोपऱ्यात दबून बसली, नर तिला दाण्याजवळ जाऊ देत नाही, डोक्यावरची पिसं उपटतोय, असं दिसलं तर त्याच मिनिटाला पार्टिशन परत घाला आणि आठवडाभर थांबा. उलटंही होतं, मादीच नराला मारते, त्याचा अर्थ ती अजून तयार नाही.

९. अंडी

अंडी रोज एक, सकाळी लवकर, एकूण तीन ते पाच, फिकट निळसर आणि त्यावर तपकिरी ठिपके. मादी पहिल्या अंड्यापासूनच खुडूक बसली तर पिल्लं एक-एक दिवसाच्या अंतराने निघतात आणि शेवटचं चिरडलं जातं. म्हणून रोज सकाळी अंडं चमच्याने उचलून जागी प्लॅस्टिकचं खोटं अंडं ठेवतात, खरं अंडं थंड जागी मऊ दाण्यांवर ठेवून दिवसातून दोनदा फिरवतात, आणि चौथ्या दिवशी सगळी परत देतात. तिथून १३-१४ दिवस मोजायचे.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मादी खायला उतरली की अंड्यामागे छोटा टॉर्च धरा, लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत, नुसतं स्वच्छ पिवळसर दिसलं तर रिकामं. आणि दिवे एकदम बंद करू नका, मादी घरट्याबाहेर असली तर अंधारात तिला परत जाता येत नाही, मंद दिवा राहू दे.

धोका: अंडं यायच्या दिवशी मादी पिसं फुगवून तळाशी बसली, डोळे अर्धे मिटलेले, जोर करतेय, तर अंडं अडकलंय. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर मादी वाचत नाही. पिंजरा साधारण ३० अंश उबेत ठेवा आणि तासाभरात डॉक्टरकडे निघा, सकाळपर्यंत वाट बघण्याचा आजार नाही हा.

१०. पिल्लं, आणि कधी थांबायचं

पहिल्या दिवसापासून कुस्करलेलं अंडं ताजं, थोडं-थोडं, दिवसातून तीन-चारदा, आणि तीन तासांनी उरलेलं काढून टाकायचं, आंबलेलं अंडं पिल्लांच्या पोटात गेलं की संपलंच. पिल्लांचे गळे संध्याकाळी भरलेले दिसतात का एवढंच बघा, घरट्यात सारखा हात घालू नका. रिंग घालायची तर पाचव्या ते सातव्या दिवशी.

१६ ते २० दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर येतात. नेमकं तेव्हाच मादी पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते आणि घरट्यासाठी पिल्लांचीच पिसं उपटते. त्यामुळे पिल्लं आणि नर पार्टिशनच्या पलीकडे, नर जाळीआडूनही भरवत राहतो, मादीला नवीन घरटं आणि नवीन काथ्या. दाणा स्वतः सोलून खाताना दिसल्याशिवाय पिल्लू वेगळं करायचं नाही, साधारण २८ ते ३५ दिवस लागतात, आणि वेगळं केल्यावर पहिला आठवडा भिजवलेले दाणे आणि अंडं हाताशी हवंच.

ऋतूत दोन वेळा पिल्लं, बस. मादी तिसऱ्यांदाही बसायला तयार असते पण तिच्या हाडातलं कॅल्शियम संपलेलं असतं. दुसरी पिल्लं खायला लागली की घरटं काढा, पार्टिशन घाला, उजेड हळूहळू कमी करा. मग पिसं गळायला लागतील, नर गप्प होईल. तरुण नर मात्र त्याच दिवसांत गळा फुगवून बारीक आवाजात अडखळत गुणगुणायला लागतात, कोण गुणगुणतंय ते बघून त्यांच्या रिंगचा नंबर तेव्हाच लिहून ठेवा.